मागणं संपल्यावर जे उरलं

उमापूरहून एका बाईंचा फोन आला. ओळख ना पाळख. मला झाला होता तोच आजार त्यांच्या भावाला झाला होता, आणि दवाखान्यात कुणीतरी त्यांना माझा नंबर दिला होता. त्यांनी आधी एकच विचारलं, "ताई, हात परत हालत्यात का?" मी म्हणाले, माझे हालले. मग आम्ही बराच वेळ बोललो. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, हे कुठंतरी लिहून ठेवा, आमच्यासारख्यांना कुणी काही सांगत नाही.

म्हणून बसले आहे. पेन अजून नीट धरवत नाही. माझं अक्षर मलाच लागत नाही, ते माझी मुलगी सुवार्ता उतरवून घेते.

मी डॉक्टर नाही. औषधांची नावं मला पाठ नाहीत. जे सोसलं आणि पडल्या पडल्या जे पाहिलं, तेवढंच सांगते. आम्ही ख्रिस्ती आहोत, त्यामुळे मधे देवाचं येईल. त्या दिवसांत दुखण्याइतकंच मला स्तुतीचं कोडं पडलं होतं. स्तुती म्हणजे नक्की काय, ती कोण करतं, आणि तोंड बंद पडलं तर तिचं काय होतं. ज्यांना ते नको असेल त्यांनी तेवढं सोडून वाचलं तरी चालेल.

राहिलेली चप्पल

आमचं गाव केज तालुक्यात. बाजाराला आम्ही युसूफ वडगावला जातो. गावात ख्रिस्ती घरं मोजकी आणि एक पत्र्याचं चर्च. पाळक साहेब मोटारसायकलवर आसपासची गावं सांभाळतात, त्यामुळे आमची उपासना कधी सकाळी, कधी दुपारी.

मी गावातल्या महिला दूध संस्थेची सचिव. बायका दूध आणतात, मी फॅट काढते, माप करते आणि कॅन गाडीत चढवून देते. संस्थेच्या अध्यक्ष छायाताई, आमच्या शेजारीण. त्या बौद्ध. त्यांचं माझं पटतं ते दोघींनाही प्रश्न विचारायची खोड आहे म्हणून.

त्या वर्षी लागोपाठ दुसरा दुष्काळ होता. गुरं चारा छावणीत होती. बायका तिथंच राहून धारा काढत आणि निम्म्या भरलेल्या किटल्या संस्थेत आणत. ऊसच नव्हता, म्हणून सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. माझे मालक अशोक त्या कारखान्यात फिटर होते. काम बंद पडलं तसे ते पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर लागले. आमच्या गावाला पाणी तेच आणायचे. चर्चमध्ये भजन उचलायचेही तेच. मोकळा, मोठा आवाज. ते एक ओळ म्हणायचे आणि मागून आम्ही सगळे. टँकर चालवतानाही गायचे. बायका म्हणायच्या, आधी अशोकभाऊंचं गाणं गावात शिरतं, मागून पाणी येतं.

उन्हाळ्यात माझं पोट बिघडलं. गावात बऱ्याच जणांचं बिघडलं होतं. चार दिवसांत बरं झालं आणि मी विसरून गेले. पुढं एका सकाळी संस्थेत दूध मापताना एक बाई म्हणाली, "सगुणाताई, तुमची एक चप्पल तिकडंच राहिली की." वळून पाहिलं, तर चप्पल उंबऱ्याजवळ पडलेली. मी एका पायानं अनवाणी आत आले होते आणि मला कळलंच नव्हतं. आम्ही हसलो. संध्याकाळी कॅन उचलायला वाकले, तर हातात जीवच नव्हता. दुसऱ्या दिवशी घराची पायरी चढवेना.

तालुक्याच्या डॉक्टरांनी दोन ठिकाणी टोचून पाहिलं आणि इथं थांबू नका, आत्ताच्या आत्ता अंबाजोगाईला न्या, असं सांगितलं. त्यांचे उपकार आहेत. उमापूरच्या बाईंनाही मी हेच म्हणाले, की पायापासून वर चढणारा अशक्तपणा असेल तर उन्हाचा त्रास आहे म्हणून घरी पाडून ठेवू नका.

हातोडी

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. पाय उडाला नाही. त्यांनी पुन्हा मारलं. मला भीतीच्या आधी नवल वाटलं होतं, हे खरं सांगते. आपलाच पाय, आपल्यासमोर पडलेला, आणि आपल्याला ओळख देत नाही.

ते म्हणाले, शरीराचे राखणदार असतात, ते बाहेरच्या रोगाशी भांडता भांडता चुकून आपल्याच नसांवर उलटलेत. हे वर चढेल, एका जागी थांबेल, मग हळूहळू उतरेल. मी विचारलं, कुठपर्यंत चढेल? ते म्हणाले, ते आत्ता सांगता येत नाही, पण आम्ही जवळ आहोत. हे "आम्ही जवळ आहोत" मला पुढं लई दिवस पुरलं.

मग त्यांनी विचारलं, मधे पोट बिघडलं होतं का? मी हो म्हणाले. पाणी कुठलं पिता? मी म्हणाले, टँकरचं. त्यांनी कागदावर काही टिपलं. मी ते विसरले. माझ्या उशाशी उभे असलेले अशोक मात्र विसरले नाहीत, पण ते मला फार उशिरा कळलं.

आजार चढत गेला. हात गेले, मान गेली. चेहरा असा लुळा पडला की हसू येईना आणि पापण्या पुऱ्या मिटेनात. शेवटी श्वास अपुरा पडायला लागला, तसं मला मशीनवर घेतलं. आधी तोंडातून नळी होती, नंतर गळ्याला छोटं भोक पाडून तिथून. गळ्यातून नळी गेली की आवाज जातो. आतून सगळं शाबूत होतं. ऐकू येत होतं, कळत होतं, पाठीला खाज सुटत होती. बाहेरच्यांना फक्त डोळे दिसत होते. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही, असं ठरलं. मिटले म्हणजे तरी काय, पापणी थोडी खाली यायची. वॉर्डातल्या शेख सिस्टरना ते सगळ्यात आधी वाचता आलं.

मागणं

सुरुवातीला मी मागितलं. प्रभू, उठव. सुवार्ता दहावीला आहे, उठव. मग सौदा केला, ते लिहायला लाज वाटते. मग रडले, आणि रडताना पाणी डोळ्यातून कानात जायचं, ते पुसायला कुणी असेल तर नशीब. मग रडूही थांबलं. छताकडं पाहत पडले असताना एके दिवशी लक्षात आलं की आज मी काहीच मागितलेलं नाही. मागायचं संपलंच होतं. विश्वास वाढला म्हणून नव्हे. दमले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेख सिस्टर आल्या. डोळे मिटत नसल्यामुळे झोपताना पापण्यांवर पट्टी लावायचे. त्या ती काढायच्या आणि ओल्या कापसानं डोळे पुसायच्या. त्या सकाळी तो गार कापूस पापणीवर फिरला आणि माझ्या आत एक शब्द उठला, "वा."

एवढंच. भजनात कुणी सूर चांगला लावला की आपण मांडीवर हात मारून म्हणतो ना, तसं. मला काही मिळालं नव्हतं. पाय तसेच, हात तसेच. पण तो गारवा इतका चांगला होता, की तो चांगला आहे असं म्हटल्याशिवाय राहवलं नाही.

मग मी टेहळणीच सुरू केली. करायला दुसरं काय होतं? सकाळचं ऊन समोरच्या भिंतीवर चौकोनात यायचं, वा. बाहेर कुणीतरी चहात आलं ठेचायचं, त्याचा वास आत यायचा, वा. कफ ओढून काढायची नळी गळ्यात घालायचे, ते मरणासारखं वाटायचं. पण ती बाहेर निघाल्यावर जो पहिला श्वास आत शिरायचा, त्याला तर दोनदा. आणि मग एक प्रश्न पडला. आपण वा म्हणतो ते कुणाला? सुराला कुणी म्हणत नाही, गाणाऱ्याला म्हणतो. मग कापसाला, उन्हाला म्हणतेय ती मी नक्की कुणाकडं तोंड करून म्हणतेय?

आमच्या चर्चमध्ये दर उपासनेला उपकारस्तुतीची वेळ असते. एकेकानं उठून आठवड्यातली एक गोष्ट सांगायची. मी वर्षानुवर्षं उठून तेच सांगत आले, आठवडाभर सांभाळलं, प्रभूचे उपकार मानते. ते खोटं नव्हतं. पण तिथं पडल्यावर वाटलं, ही वेळ मी कधी आतून पाहिलीच नव्हती, बाहेरून कुलूप तेवढं ओळखीचं होतं.

कावून

संस्थेच्या बायकांनी दवाखान्यात येण्याच्या पाळ्या लावल्या होत्या. अशोकनी एकट्यानं किती दिवस ओढायचं, म्हणून दूध गाडीत घालून कुणी ना कुणी एसटीनं यायची. सगळ्यात जास्त छायाताई. भेटायच्या वेळेत आत येऊन त्या माझ्या तळव्यांना तेल लावत आणि गावातलं सगळं सांगत. छावणीतली कुठली म्हैस व्याली, किती दूध आलं, सासूबाईंनी सुवार्ताला काय करून घातलं.

एकदा तेल लावता लावता त्या म्हणाल्या, "सगुणा, लई दिवसाचं एक विचारायचं हाय. तुमचा देव एवढा मोठा म्हणता. मग त्याला आपली स्तुती कावून लागती? आमी बुद्धाम्होरं फूल ठिवतो, ते त्यांना पायजे म्हणून न्हाई. फूल सुकतं, तसं आपण बी सुकणार, हे आपल्या ध्यानात ऱ्हावं म्हणून. तुमचं काय?"

माझे डोळे त्यांच्याकडं लागले. 'का' विचारलं की हो चालत नाही, नाहीही चालत नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, "कावूनला पापणीनं उत्तर न्हाई देता येत. ऱ्हाऊ दे. मी वाट बगते."

त्या गेल्या आणि मला काम मिळालं. आजाऱ्याला असा एखादा प्रश्न देऊन जावं, असं मी आता सगळ्यांना सांगते. फळं कुणी खातं का तिथं?

अंगठा

माझ्या शेजारच्या खाटेवर एक तरुण होता. मेंदूत ताप गेलेला, शुद्ध नव्हती. घरचे लोक मेंढपाळ. त्याची आई पारूबाई भेटायच्या वेळी त्याच्या कानाशी बसून मेंढरांच्या बातम्या सांगायची. कुठली मेंढी व्याली, कुठलं कोकरू लंगडतंय, बालाघाटाच्या डोंगरावर कुठल्या बाजूला अजून थोडं गवत आहे. तो ऐकत होता की नाही माहीत नाही, मी ऐकत होते. जाताना ती माझ्याकडंही वळायची आणि म्हणायची, येते गं लेकी.

एके सकाळी माझ्या उजव्या पायाचा अंगठा हालला. शेख सिस्टरनी पाहिला, डॉक्टरांना बोलावलं, अशोकना बोलावलं. मी पुन्हा हालवून दाखवला. अशोकनी पाळक साहेबांना फोन केला असावा.

त्याच दुपारी शेजारचा पडदा ओढला गेला. घाईची पावलं, मशीनचे आवाज, मग आवाज नाहीत. पडदा सरकवला तेव्हा खाट रिकामी होती आणि कुणीतरी फिनेलनं पुसत होतं. बाहेरून पारूबाईचं रडणं यायला लागलं.

त्या रडण्यातच पाळक साहेब पोहोचले. आनंदात होते, त्यांना शेजारचं काही ठाऊक नव्हतं. माझ्या पायाशी उभे राहून त्यांनी हात उंचावले, डोळे मिटले आणि त्या अंगठ्यासाठी उपकारस्तुती सुरू केली. चांगले शब्द होते. आणि दारापलीकडं ती आई.

मी पापण्या दोनदा खाली आणल्या. नाही. पुन्हा दोनदा. पण पाळक साहेबांचे डोळे प्रार्थनेत मिटलेले, त्यांना कसं दिसावं. अशोकना दिसलं. ते म्हणाले, "साहेब, थांबा. ती न्हाई म्हणतीय."

साहेबांनी डोळे उघडले. मी पुन्हा दोनदा मिटले. त्यांनी बाहेरच्या रडण्याकडं कान दिला, हात खाली घेतले आणि बाहेर गेले. अशोकनी नंतर सांगितलं, की ते पारूबाईजवळ फरशीवर मांडी घालून बसले आणि गाडी येईपर्यंत उठले नाहीत. प्रार्थनाही केली नाही. तिनं टेकायला म्हणून त्यांचा खांदा धरला होता.

गावी निघण्याआधी पारूबाई आत आली. सिस्टरनी अडवलं नाही. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. म्हणाली, "तुजा अंगठा हालला म्हनं. लई ब्येस झालं. हालीव लेकी, अजून हालीव."

जे म्हणायची मला लाज वाटत होती, ते तिनं माझ्यासाठी म्हटलं. त्या दिवशी. तिच्याकडं काय उरलं होतं की ज्यातून ते आलं? मी पुष्कळ विचार केला. मला अजून सापडलेलं नाही. एवढं मात्र कळलं, की मी वाचले आणि तो गेला असा हिशोब घालून केलेली स्तुती माझ्याच्यानं होणार नाही. आणि हेही कळलं, की स्तुती त्या हिशोबावर उभी नाही. असती तर ती पारूबाईच्या तोंडून निघाली नसती.

पाणी

आजार चढला तसा उतरायला लागला, पण चढताना घोडा आणि उतरताना गोगलगाय. अंगठा, घोटा, मग बोटं. मशीन थोडं थोडं बंद करून पाहायचे. एके दिवशी सिस्टरनी गळ्यातल्या नळीच्या तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बोला."

समोर अशोक होते. माझ्या तोंडून फुंकर घातल्यासारखं निघालं, "पाणी."

त्यांनी बाटलीचं पाणी आणलं आणि सिस्टरांच्या सांगण्याप्रमाणे चमच्यानं ओठ ओले केले. मी पाहत होते, माणूस वाळून काठी झाला होता. आणि आणखी एक गोष्ट मला कित्येक दिवसांपासून टोचत होती. पाळक साहेब येऊन भजन म्हणायचे तेव्हा अशोक हळूच उठून बाहेर जायचे. घरात, रस्त्यात, कुठंच ते गात नाहीत, असं छायाताई म्हणायच्या. त्यांनीच मला सांगितलं होतं की अशोकनी टँकर सोडलाय. आता कुणीतरी दुसरा आणतो, तो कधी येतो, कधी येत नाही.

आवाज थोडा टिकायला लागला तेव्हा मी विचारलं, टँकर का सोडला. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले,

"डॉक्टरनं काय विचारलं हुतं तुला? पाणी कुठलं पिता."

"ते पाणी सगळ्या गावानं पिलं."

"पर पडलीस तू."

मी म्हणाले, डॉक्टरांना विचारा. ते म्हणाले, विचारलं. एकदा नाही, तीनदा विचारलं. पाण्यानं असेल, नसेलही, कळायला मार्ग नाही, असं त्यांनी सांगितलं.

"मग?"

"कळत न्हाई म्हणूनच तर," अशोक म्हणाले. "कळलं असतं तर एकदाच रडलो असतो."

मी नुसता त्यांच्या हातावर हात ठेवायचा प्रयत्न केला. हात खाटेवरून निम्माच उचलला गेला आणि पडला. त्यांनी तो उचलून घेतला.

घरी

घरी आणलं ते खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून. लोकांना वाटतं घरी आलं की संपलं. खरं अवघड घरीच. दवाखान्यात सगळेच आजारी असतात, घरी आपण एकटे. सासूबाईंनी मला न्हाऊ घातलं, बाकीचंही सगळं केलं. लाज कुठं ठेवावी कळत नसे. मी चिडायचे. एकदा सुवार्तानं भाकरी कुस्करून दुधात कालवून दिली, तर मी वाटी ढकलून दिली, मी काय तान्हं लेकरू आहे का म्हणून. ती सांडलेलं पुसत बसली. तिची सहामाही परीक्षा जवळ आली होती. घरच्यांनी आजाऱ्याचा राग मनाला लावून घेऊ नये, आणि आजाऱ्यानं नंतर माफी मागावी, हे दोन्ही जमतं.

पावसाळा जवळजवळ कोरडा गेला. नवा टँकरवाला नागा करायचा. एके दिवशी छायाताई अंगणातूनच अशोकना म्हणाल्या, भाऊजी, तुमी आणत होता तवर येळेवर येत होतं, आता आमी कुणाच्या तोंडाकडं बगायचं. पुढच्या आठवड्यात अशोक परत टँकरवर गेले. भरताना स्वतः उभं राहून औषधाची पावडर टाकायचे, आणि घरात तेच पाणी उकळून, गाळून मला द्यायचे. टँकर वेळेवर यायला लागला. पण येताना आता इंजिनाचाच आवाज यायचा.

तेव्हाच एका संध्याकाळी छायाताई ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, बोल आता, आता तर तोंड हाय तुला. मी म्हणाले, देवाला कावून लागती ते मला माहीत न्हाई. पण तिथं माझं मागणं संपलं, रडणं संपलं, आणि तरी काहीतरी उरलं होतं. कापूस गार लागला तर आतून वा निघायचं. ते मी बनवलेलं नव्हतं. मी कधी त्याला बोलावलंही नव्हतं.

त्या म्हणाल्या, "म्हंजी देव मागतो म्हणून तू देत न्हाईस. तुज्यात हाय म्हणून निघतं."

"माझ्यात कुणी ठेवलं ते मी म्हणते. तुम्ही तसं म्हणणार नाही."

"न्हाई म्हणणार," छायाताई म्हणाल्या. "पर ते निघतं हे खरं." आणि आम्ही दोघी तेवढ्यावर थांबलो. अजूनही तिथंच आहोत.

सण

सुगीनंतर आमच्याकडं पहिल्या पिकाचा सण असतो. ज्यानं त्यानं शेतातलं आणून चर्चमध्ये ठेवायचं, ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या, आणि मोठी उपकारस्तुती. त्या वर्षी चर्चच्या मंडळीची बैठक आमच्याच अंगणात बसली, मला हलता येत नव्हतं म्हणून. वडीलधारे म्हणाले, पीक नाही तर सण कसला, हसं होईल. मी म्हणाले, घ्या. मला पाहायचंय, काहीच नसताना माणसं काय आणतात. ते मी भक्तीनं म्हणाले नव्हते, मला खरंच पाहायचं होतं.

सण झाला. मला खुर्चीसकट नेऊन पुढं बसवलं. मी मान फिरवून पाहत होते. कुणी तुरीच्या चार शेंगा आणल्या होत्या. कुणी अंडी. एका म्हाताऱ्यानं वाळक्या गोवऱ्यांची पाटी आणून ठेवली आणि सरळ जाऊन बसला. छायाताई आणि संस्थेच्या बायका दुधाची किटली घेऊन आल्या आणि मागं चटईवर बसल्या. अशोक नव्हते. त्यांची फेरी होती.

भजन सुरू झालं. उचलायला अशोक नसल्यानं प्रत्येकाचा सूर वेगळा. दुसरं कडवं चालू असताना बाहेर इंजिनाची घरघर ऐकू आली. टँकर त्या दिवशी दुपारी यायचा होता, तो लवकर आला. आवाज एकेक करून बारीक होत गेले. कुणी उठेना, पण सगळ्यांच्या माना दाराकडं. दुष्काळात टँकरला उशीर केला तर घागर रिकामी राहते. पाळक साहेबांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, जा, भरून घ्या. आधी ते.

चर्च रिकामं झालं. साहेब स्वतः कुणातरी म्हातारीची कळशी घेऊन धावले. छायाताई गेल्या, सासूबाई गेल्या, सुवार्ता गेली. मी तेवढी खुर्चीत राहिले, समोर तुरीच्या शेंगा, अंडी आणि गोवऱ्या. बाहेर भांड्यांचा आवाज, बायकांची भांडणं, हसणं.

आजारानंतर मी गायले नव्हते. गळ्याचं भोक भरून आलं होतं, पण आवाज फाटका होता, आणि छातीत वारा पुरत नव्हता. आता ऐकायला कुणी नव्हतं. पाहावं तरी काय निघतं, म्हणून मी थांबलेलं कडवं उचललं. दोन शब्द बरे लागले, तिसरा घोगरा, आणि ओळीच्या मधोमध श्वास संपला. मी थांबले, श्वास भरला, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच तुटलं. मला हसू आलं. चेहऱ्याची एकच बाजू हसली असणार, दुसरी अजून आळशी आहे. मी तिसऱ्यांदा सुरू केलं.

तिसऱ्यांदा ओळ तुटली तिथून ती कुणीतरी पुढं नेली.

अशोक दारात उभे होते. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, हातात पाईप बांधायची दोरी. टँकरचा नळ उघडून देऊन ते मला पाहायला आत आले होते. त्यांचा आवाजही बसलेला होता, इतक्या महिन्यांत वापरलेला नव्हता ना. ओळ पुरी केली आणि ते थांबले, माझ्याकडं पाहत. मी पुढची ओळ उचलली, जाईल तिथवर नेली, आणि सोडून दिली. त्यांनी घेतली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही, दोरी धरलेली होती म्हणून असेल. असं आम्ही ते कडवं ओढत शेवटाला नेलं आणि पुन्हा वर गेलो.

माणसं परत यायला लागली. ओल्या पदराच्या, ओल्या पायांच्या बायका. घागरी दाराशी ठेवून, जिथं जागा मिळेल तिथं उभ्या राहिल्या आणि मागून म्हणू लागल्या. छायाताईंना शब्द येत नव्हते, त्या टाळ्या वाजवत होत्या. सगळ्यात शेवटी पाळक साहेब आले, सदरा भिजलेला, खांद्यावर अजून कळशी. कुठवर आलो होतो आपण, असं त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं.

त्याला उत्तर द्यायला सवड नव्हती. तो गात होता.